१२ व्होल्टच्या एलईडी स्ट्रिपला १० के चा पॉट लावला, टोकाशी येताच धूर. चुकतंय कुठे?

कोरी_कथिल

जोडणी अशी आहे. १२ व्होल्ट, २ अ‍ॅम्पियरचा अ‍ॅडॉप्टर. एक मीटर ५०५० एलईडी स्ट्रिप, मीटरला ६० एलईडी, पाकिटावर १४.४ वॅट लिहिलेलं. अ‍ॅडॉप्टरचा पॉझिटिव्ह आणि स्ट्रिप यांच्या मध्ये १० के (दहा हजार ओहम) चा साधा कार्बन पॉट, म्हणजे नॉब फिरवून रेझिस्टन्स बदलणारा पोटेन्शिओमीटर, मागे बी१०३ छापलेला. मधला पाय आणि कडेचा एक पाय वापरलाय, तिसरा मोकळा सोडलाय.

नॉब जवळजवळ पूर्ण फिरेपर्यंत स्ट्रिप नुसती मिणमिणते. अगदी शेवटच्या केसभर अंतरात एकदम उजळते, आणि त्याच जागी चरचर, जळका वास, धूर. आता कडेच्या दोन पायांमध्ये मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. मधला पाय आणि मोकळा पाय यांच्यात मात्र रेझिस्टन्स नॉबबरोबर नीट बदलतो.

प्रश्न तीन. जास्त वॅटचा पॉट घेतला की भागेल का? १० के ऐवजी १ के घ्यायचा होता का? आणि नॉबनेच प्रकाश कमी-जास्त करायचा असेल तर योग्य सर्किट कोणतं? पुढे त्याच नॉबने १२ व्होल्टची छोटी डीसी मोटरही चालवायची आहे.

---

ओहमचा_नियम

तुमच्या मल्टिमीटरनेच निदान केलंय. पॉटमधला कार्बनचा ट्रॅक जळाला तो कडेच्या पायाच्या अगदी लगत, जिथे स्ट्रिप उजळत होती तिथे. उरलेला ट्रॅक शाबूत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला रेझिस्टन्स ठीक दिसतो.

आता हे का झालं ते. पॉटवरचा वॅटचा आकडा अख्ख्या ट्रॅकसाठी असतो. वायपर, म्हणजे मधल्या पायाचा सरकता टेकू, एका टोकाशी नेला की करंट ट्रॅकच्या एवढ्याशा तुकड्यातून जातो, पण तेवढ्या तुकड्याला पूर्ण वॅट झेपत नाहीत. म्हणून पॉट निवडताना वॅटपेक्षा करंटची मर्यादा बघायची: वॅटला ओहमने भागा आणि त्याचं वर्गमूळ काढा. अर्ध्या वॅटचा १० के पॉट असेल तर मर्यादा ७ मिलीअ‍ॅम्पियर. १ के असेल तर २२. १०० ओहम असेल तर ७०. वायपर कुठेही असो, मर्यादा हीच. आणि साधे १६ मिमी कार्बन पॉट बहुतेक वेळा अर्ध्या वॅटचेही नसतात, त्यामुळे खरा आकडा याहून खाली. तुमची स्ट्रिप पूर्ण प्रकाशात १.२ अ‍ॅम्पियर घेते. म्हणजे १२०० मिलीअ‍ॅम्पियर. तुलना तुम्हीच करा.

‘शेवटच्या केसभर अंतरात उजळते’ याचं गणित जास्त मजेशीर आहे. ५०५० च्या प्रत्येक एलईडीत तीन चिप असतात. तीन-तीन चिप सिरीजमध्ये आणि त्यांच्याबरोबर साधारण १५० ओहमचा रेझिस्टर, अशा ६० साखळ्या तुमच्या मीटरभर स्ट्रिपमध्ये समांतर आहेत. तिन्ही चिप मिळून ९ व्होल्ट खातात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे साखळीला २० मिलीअ‍ॅम्पियर. ६० साखळ्यांचे १५० ओहम समांतर धरले तर २.५ ओहम. थोडक्यात, पॉटच्या दृष्टीने तुमची स्ट्रिप म्हणजे ९ व्होल्टचा एक अडथळा आणि त्यामागे फक्त २.५ ओहम.

करंट निम्मा करायला किती ओहम वाढवायचे? आणखी २.५. दहा हजार ओहमच्या पॉटमध्ये, जो साधारण २७० अंश फिरतो, २.५ ओहम म्हणजे एका अंशाचा चौदावा-पंधरावा भाग. १०० ओहमवर करंट ३५-४० मिलीअ‍ॅम्पियर उरतो, पूर्ण प्रकाशाच्या ३ टक्के. ते १०० ओहम येतात शेवटच्या पावणेतीन अंशांत. म्हणजे उपयोगाचा सगळा खेळ तेवढ्याच फिरकीत, बाकी २६७ अंश नुसती मिणमिण.

उष्णतेचंही तसंच. सर्वांत वाईट जागी, म्हणजे पॉट २.५ ओहमवर असताना, त्यात ०.९ वॅट जिरतात. ऐकायला फार नाहीत. पण ते सगळे वायपरच्या टोकाखालच्या कार्बनच्या ठिपक्यात जिरतात.

म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं: जास्त वॅटच्या कार्बन पॉटने भागणार नाही, आणि १ के घेतला तर तोही जळेल, फक्त फिरकी थोडी बरी वाटेल. पॉटकडून फक्त इशारा घ्या, भार ट्रान्झिस्टरवर टाका.

---

तारेचा_पीळ

वरचं सगळं मान्य, पण सिरीजमध्ये लावायचाच म्हटलं तर तारेचा रिओस्टॅट (जास्त करंट झेपणारा पॉट) चालतो हेही सांगायला हवं. २५ ओहम, ५० वॅटचा घेतला तर मर्यादा १.४ अ‍ॅम्पियर. जळणार नाही. सिरॅमिकवर गुंडाळलेली तार असते, गरम झाली तरी तिचं काही बिघडत नाही.

---

ओहमचा_नियम

जळणार नाही हे खरं. पण २५ ओहमवर या स्ट्रिपमधून अजून १३० मिलीअ‍ॅम्पियर वाहतात. ११ टक्के करंट म्हणजे डोळ्यांना एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश वाटतो. अगदी मंद करायचं तर ३०० ओहम हवेत, आणि ३०० ओहमचा रिओस्टॅट १.२ अ‍ॅम्पियर झेपेल असा घ्यायचा म्हणजे ४३२ वॅटचा. डब्यात फक्त तोच बसेल.

---

गेटपास

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ५५५ (टायमरचा आयसी) आणि मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) वापरून पीडब्ल्यूएम. स्ट्रिपला पूर्ण १२ व्होल्ट द्यायचे, पण सेकंदाला हजारभर वेळा चालू-बंद करून. चालू वेळेचं प्रमाण पॉट ठरवतो आणि पॉटमधून जातात जेमतेम काही मिलीअ‍ॅम्पियर.

लागणारं सामान: एनई५५५ एक, आयआरएफझेड४४एन मॉस्फेट एक, १एन४१४८ डायोड दोन, १०० के लिनिअर पॉट (बी१०४), रेझिस्टर १ के, १०० ओहम आणि १० के प्रत्येकी एक, १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर दोन, १०० नॅनोफॅरडचा एक, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक एक.

जोडणी. ५५५ चा पाय १ ग्राउंडला, ८ आणि ४ दोन्ही १२ व्होल्टला. पाय २ आणि ६ एकमेकांना जोडा आणि तिथून १० नॅनोफॅरड ग्राउंडला. पाय ५ वरून दुसरा १० नॅनोफॅरड ग्राउंडला. १२ व्होल्टवरून १ के रेझिस्टर पाय ७ ला, आणि त्याच पाय ७ ला पॉटचा मधला पाय. पॉटच्या कडेच्या प्रत्येक पायावरून एकेक डायोड २-६ च्या सांध्याला; एका डायोडवर छापलेली रेघ २-६ कडे, दुसऱ्याची रेघ पॉटकडे. पहिल्यातून कपॅसिटर भरतो, दुसऱ्यातून रिकामा होतो.

पाय ३ वरून १०० ओहम मॉस्फेटच्या गेटला. गेटपासून ग्राउंडला १० के. मॉस्फेटची छापील बाजू आपल्याकडे ठेवली तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. सोर्स ग्राउंडला, ड्रेन स्ट्रिपच्या निगेटिव्हला, स्ट्रिपचा पॉझिटिव्ह सरळ १२ व्होल्टला. धातूची पाठ ड्रेनशी जोडलेली असते, ती डब्याला टेकू देऊ नका. १०० नॅनोफॅरड ५५५ च्या ८ आणि १ या पायांना अगदी चिकटून, आणि ४७० मायक्रोफॅरड जिथून स्ट्रिपला वीज जाते तिथे.

आवर्तनाचा काळ = ०.६९३ × (१ के + १०० के) × १० नॅनोफॅरड = ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे १.४ किलोहर्ट्झ. डायोडवरच्या व्होल्टेजमुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरतं. डोळ्याला लुकलुक दिसत नाही. पॉट फिरवला तरी भरण्याचा आणि रिकामं होण्याचा रस्ता मिळून १०१ के च राहतो, म्हणून वारंवारता हलत नाही, फक्त प्रमाण हलतं.

मॉस्फेट तापेल का? गेटला १० व्होल्ट मिळाले की आयआरएफझेड४४एन चा रेझिस्टन्स १७.५ मिलीओहमच्या आत असतो. १.२ अ‍ॅम्पियरला २५ मिलीवॅट. हीटसिंक नको. १२ व्होल्टवर ५५५ चा पाय ३ साधारण १०.३ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे गेट पुरेसा उघडतो. हेच सर्किट २४ व्होल्टच्या स्ट्रिपला जसंच्या तसं लावू नका: एनई५५५ ची मर्यादा १६ व्होल्ट आहे.

पहिल्यांदा वीज देताना स्ट्रिप काढून ठेवा आणि पाय ३ वर डीसी व्होल्टेज मोजा. नॉब मधोमध असताना ५ च्या आसपास आणि फिरवल्यावर शून्याजवळून १० पर्यंत सरकलं पाहिजे. तसं झालं तरच स्ट्रिप जोडा.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी:

– नॉब कुठेही असो, स्ट्रिप कायम पूर्ण उजळलेली आणि पाय ३ वर मात्र व्होल्टेज नीट सरकतंय: मॉस्फेटचे ड्रेन-सोर्स उलटे लागलेत. त्याच्या आतला डायोड सरळ वाहतोय, गेटला कोणी विचारत नाही.

– पाय ३ कायम वर: दोन्ही डायोडच्या रेघा पॉटकडे आहेत, कपॅसिटर भरतच नाही.

– पाय ३ कायम खाली: दोन्ही रेघा २-६ कडे आहेत, भरलेला कपॅसिटर रिकामा होत नाही.

– नॉबला बोट लावलं की प्रकाश थरथरतो: पाय ५ चा कपॅसिटर विसरलात, किंवा ८-१ वरचा १०० नॅनोफॅरड तारेच्या लांब टोकाला लोंबकळतोय.

---

तिसरा_पाय

मूळ जोडणीतली एक गोष्ट कोणी बोललं नाही. मोकळा सोडलेला तिसरा पाय.

पॉट दोन पायांवर वापरताना उरलेला पाय नेहमी वायपरला जोडून टाकायचा. वायपर धुळीमुळे किंवा झिजेमुळे क्षणभर उचलला गेला तर तार तुटल्यासारखं होण्याऐवजी सर्किटला पॉटचा पूर्ण रेझिस्टन्स दिसतो. एलईडीच्या बाबतीत फरक फक्त लुकलुकण्याचा. पण एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटरच्या अ‍ॅडजस्ट पायापासून ग्राउंडपर्यंत पॉट असेल आणि वायपर उचलला गेला, तर आउटपुट सरळ इनपुटच्या जवळपास चढतं. ५ व्होल्टच्या बोर्डावर १२ व्होल्ट. तिसरा पाय वायपरला जोडलेला असला तरी आउटपुट पॉटच्या कमाल किमतीला जितकं येतं तितकं चढेलच, म्हणून पॉटची किंमतही अशी निवडायची की पूर्ण फिरवला तरी पुढचं काही मरणार नाही.

बाजारातल्या एलएम२५९६ च्या (व्होल्टेज उतरवणाऱ्या) तयार मॉड्यूलवरचा निळा ट्रिमपॉट काढून तिथे लांब तारांनी बाहेरचा पॉट लावतात, त्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. तो ट्रिमपॉट आउटपुट आणि फीडबॅक पाय यांच्या मध्ये असतो. तार सुटली की फीडबॅक शून्यावर जातो, आयसीला वाटतं आउटपुट पडलं, आणि तो जोर लावून ते वर नेतो. शिवाय फीडबॅकची तार लांब असली की गोंगाट पकडते. तार बोटभर लांबीची ठेवा, दोन्ही तारांना पीळ द्या, आणि सोल्डर करा. ब्रेडबोर्डच्या जंपरवर हे काम सोडू नका.

---

कोरी_कथिल

५५५ चं सामान काढतो. दोन शंका. हीच मोटरला चालेल का? आणि पॉटने व्होल्टेज विभागून, म्हणजे तिन्ही पाय वापरून, मधल्या पायावरून मोटरला ६ व्होल्ट द्यायचे असं एका आकृतीत दिसतं. तसं का करत नाहीत?

---

ओहमचा_नियम

दुसरं आधी. १२ व्होल्टवर १० के चा पॉट मधोमध ठेवला तर मल्टिमीटर ६ व्होल्ट दाखवतो, कारण मल्टिमीटर जवळपास काहीच करंट घेत नाही. पण त्या वायपरकडे बघितलं तर ते ६ व्होल्ट ५ के आणि ५ के समांतर, म्हणजे २.५ के च्या मागे उभे आहेत. वायपर थेट ग्राउंडला टेकवला तरी २.४ मिलीअ‍ॅम्पियरच्या वर येणार नाही. २०० मिलीअ‍ॅम्पियरची मोटर जोडली की ते ६ व्होल्ट शून्याजवळ बसतात आणि मोटर ढिम्म.

त्या आकृतीत बहुधा वायपरच्या पुढे ट्रान्झिस्टर असेल. १ के चा पॉट, वायपर टिप१२२ ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टर १२ व्होल्टला, मोटर एमिटर आणि ग्राउंडमध्ये. हे चालतं. डार्लिंग्टन (एकात दोन ट्रान्झिस्टर) असल्याने बेसला फार थोडा करंट लागतो, आणि एमिटरवर वायपरपेक्षा साधारण दीड व्होल्ट कमी मिळतात. किंमत उष्णतेत मोजावी लागते: मोटरवर ६ व्होल्ट आणि अर्धा अ‍ॅम्पियर असेल तर ट्रान्झिस्टरमध्येही ६ गुणिले ०.५, ३ वॅट. हीटसिंकशिवाय टीओ-२२० चं आवरण वॅटमागे साठेक अंश चढतं, म्हणजे १८० अंशांची वाढ. आतल्या सिलिकॉनची मर्यादा १५० अंश आहे. तेव्हा हीटसिंक हवाच, वॅटमागे १५ अंश किंवा त्याहून चांगला.

---

गेटपास

मोटरला ५५५ चं सर्किट चालेल, तीन बदल करून.

पहिला, मोटरच्या दोन टोकांमध्ये उलटा डायोड, रेघ १२ व्होल्टकडे. मॉस्फेट बंद होताना मोटरच्या वेटोळ्यातला करंट थांबायला तयार नसतो, त्याला वाट लागते. नाही दिली तर ड्रेनवर व्होल्टेज उसळतं. डायोड शॉटकी घ्या: १ अ‍ॅम्पियरपर्यंत १एन५८१९, ३ पर्यंत १एन५८२२. सगळ्यांच्या डब्यात पडलेला १एन४००७ रिलेला ठीक आहे, पण पीडब्ल्यूएमला मंद पडतो. त्याला बंद व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात मॉस्फेट पुन्हा उघडतो आणि दर आवर्तनाला क्षणभर शॉर्ट बसतो. दोघंही विनाकारण तापतात.

दुसरा, १.४ किलोहर्ट्झला मोटर शिट्टीसारखी गुणगुणते. आवाज नको असेल तर २-६ वरचा १० नॅनोफॅरड काढून ६८० पिकोफॅरड लावा, २० किलोहर्ट्झच्या पुढे जाईल आणि कानाला कळणार नाही. पण वारंवारता वाढवली की कमी प्रमाणावर मोटरचा जोर घटतो आणि थांबलेली मोटर सुटायला कुरकुरते. गाडी किंवा पंप ओढायचा असेल तर गुणगुण सहन केलेली परवडते.

तिसरा, मोटरच्या टोकांवरच १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ब्रशच्या ठिणग्यांसाठी. आणि मॉस्फेट निवडताना मोटरवर लिहिलेला चालता करंट बघू नका. अडकलेली मोटर त्याच्या कितीतरी पट घेते. मोटरच्या टोकांचा रेझिस्टन्स मोजून १२ ला त्याने भागा, तो खरा आकडा. अ‍ॅडॉप्टरही त्याच हिशेबाने बघा. २ अ‍ॅम्पियरचा अडकलेल्या मोटरपुढे मान टाकेल.

---

मिणमिण

याच धाग्यात विचारतो. ३ वॅटचे तीन पांढरे पॉवर एलईडी सिरीजमध्ये आहेत, कमाल ७०० मिलीअ‍ॅम्पियर, प्रत्येकी ३.४ व्होल्ट. स्ट्रिपसारखे आतले रेझिस्टर यात नाहीत. मला चालू-बंद नको, कॅमेऱ्यात पट्टे येतात. सरळ करंटच पॉटने ठरवायचा आहे. एलएम३१७ घेऊ का?

---

तिसरा_पाय

एलएम३१७ करंट रेग्युलेटर म्हणून वापरताना आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यात रेझिस्टर असतो आणि करंट = १.२५ भागिले तो रेझिस्टर. अडचण अशी की पूर्ण करंट त्याच रेझिस्टरमधून जातो. तिथे पॉट लावला की पुन्हा मूळ दुखणं. छोट्या एलईडीला ते जमतं: १०० ओहम अर्ध्या वॅटचा पॉट आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये १८ ओहम. तेव्हा ६९ मिलीअ‍ॅम्पियरपासून साडेदहापर्यंत मिळतात, पॉटही मर्यादेत राहतो. १८ ओहम विसरलात तर पॉट शून्याला गेल्यावर रेग्युलेटरला थांबवणारं काहीच उरत नाही. ७०० मिलीअ‍ॅम्पियरला हा रस्ता नाही. शिवाय एलएम३१७ ला स्वतःसाठी २ व्होल्टच्या आसपास आणि वर ते १.२५ लागतात. तुमच्याकडे १२ वजा १०.२, म्हणजे १.८ च व्होल्ट शिल्लक आहेत.

तुम्हाला हवाय ऑप-अ‍ॅम्प, मॉस्फेट आणि सेन्स (करंट मोजणारा) रेझिस्टर. एलईडीच्या साखळीचा निगेटिव्ह मॉस्फेटच्या ड्रेनला, सोर्सखाली ०.५ ओहम १ वॅटचा रेझिस्टर ग्राउंडला. त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज एलएम३५८ या ऑप-अ‍ॅम्पच्या उलट (−) इनपुटला, पॉटचा वायपर सरळ (+) इनपुटला, आउटपुट १०० ओहममधून गेटला. ऑप-अ‍ॅम्प दोन्ही इनपुट सारखे ठेवायला धडपडतो, म्हणून वायपरवर ०.२ व्होल्ट ठेवले की एलईडीतून ०.४ अ‍ॅम्पियर. एलईडी तापून त्याचं व्होल्टेज घसरलं तरी करंट तोच. ७४१ घेऊ नका, त्याचे इनपुट ग्राउंडपर्यंत काम करत नाहीत. ३५८ चे करतात.

पॉटला ५ व्होल्ट ७८एल०५ रेग्युलेटरमधून द्या, पण थेट नाही. इथे बहुतेक जण ५ व्होल्टवरून १५० के चा एक रेझिस्टर आणि त्याखाली १० के चा पॉट लावतात. गणित बरोबर येतं: ०.३१ व्होल्ट, ६२५ मिलीअ‍ॅम्पियर. पण पॉटची किंमत २० टक्के इकडे-तिकडे असते. १२ के निघाला तर ७४० मिलीअ‍ॅम्पियर, एलईडीच्या मर्यादेबाहेर. आणि पॉटची ग्राउंडची तार सुटली तर वायपर ५ व्होल्टवर, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प १० अ‍ॅम्पियर मागणार.

त्याऐवजी बोर्डावरच ५ व्होल्टवरून १५ के आणि त्याखाली १ के ग्राउंडला पक्के लावा, आणि १० के चा पॉट त्या १ के ला समांतर जोडा. कमाल सुमारे ५७० मिलीअ‍ॅम्पियर येते. पॉट ८ के असो की १२ के, फरक १०-१२ मिलीअ‍ॅम्पियरचा. ग्राउंडची तार सुटली तरी ६२५ च्या वर जात नाही. वायपरच्या तारेसाठी बोर्डावर सरळ इनपुटपासून ग्राउंडला १०० के ठेवा. एलएम३५८ च्या इनपुटमधून नॅनोअ‍ॅम्पियरमधला करंट बाहेर वाहतो, तार सुटली तर तो इनपुट वर ढकलतो. १०० के असला की प्रकाश जवळपास विझतो आणि तार सुटल्याचं कळतंही.

दोन गोष्टी त्रास देतील. एक, लूप स्वतःच थरथरू शकतो: मल्टिमीटरला करंट बरोबर, पण मॉस्फेट नको तितका गरम. सेन्स रेझिस्टरपासून उलट इनपुटपर्यंत १ के, आणि ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटपासून उलट इनपुटला १ नॅनोफॅरड लावा. दोन, नॉब शून्यावर असताना एलईडी किंचित जळत राहू शकतात, कारण ३५८ च्या दोन इनपुटमध्ये काही मिलीव्होल्टचा जन्मजात फरक असतो, आणि ५ मिलीव्होल्ट भागिले ०.५ ओहम म्हणजे १० मिलीअ‍ॅम्पियर.

मॉस्फेटमध्ये जिरतात ते ०.८ वॅटच्या आसपास. छोटा हीटसिंक पुरे. हेच सर्किट एका एलईडीला १२ व्होल्टवर लावलं तर मात्र ८ व्होल्ट मॉस्फेटवर पडतील, साडेचार वॅट. तेव्हा अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्टचा करा आणि मॉस्फेट लॉजिक-लेव्हल (कमी गेट व्होल्टेजवर उघडणारा).

---

स्केचवाला

आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पडलेला असेल तर ५५५ ची गरज नाही. १० के पॉटची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, वायपर ए० ला. त्याच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) १० के किंवा कमी रेझिस्टन्सचा स्रोत आवडतो, १० के पॉट मधोमध असताना २.५ के च दिसतो, म्हणून हाच योग्य. १ मेगओहमचा लावलात तर आकडे डळमळतात. पिन ९ वर पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचं मिळतं.

मॉस्फेट बदलावा लागेल. आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टच्या गेटवर अर्धवट उघडतो आणि तापतो. आयआरएलझेड४४एन घ्या. आणि आर्डुइनोचा ग्राउंड १२ व्होल्टच्या ग्राउंडला जोडलाच पाहिजे, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

डोळ्याला प्रकाश सरळ रेषेत वाढलेला वाटत नाही, पहिल्या चतुर्थांशातच सगळं उजळल्यासारखं होतं. म्हणून वाचलेला आकडा (० ते १०२३) त्यानेच गुणा आणि ४०९६ ने भागा, ० ते २५५ मिळतात. गुणाकार लाँग प्रकारात करा. उनोचा इंट ३२७६७ ला संपतो आणि १८२ चा वर्ग त्याच्या पुढे जातो. नॉब फिरवताना स्ट्रिप मध्येच विझून पुन्हा पेटते ती त्यामुळे.

५५५ वाल्यांना हाच परिणाम लॉग पॉटने मिळतो, ज्याच्यावर ए१०४ लिहिलेलं असतं. बी म्हणजे लिनिअर, ए म्हणजे लॉग. काही जुन्या पॉटवर ही अक्षरं उलट अर्थाने असतात, म्हणून नॉब मधोमध ठेवून मोजा: दोन्हीकडे सारखं आलं तर लिनिअर.

---

फ्यूज_आधी

हे वाचून कोणी घरच्या २३० व्होल्टच्या दिव्यात किंवा पंख्यात पॉट घालू नका. पंख्याच्या रेग्युलेटरमध्येही पॉट दिसतो, पण तो ट्रायकला (एसीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) वेळ सांगतो, आणि त्याचे तिन्ही पाय मेन्सच्या व्होल्टेजवर असतात. धातूच्या दांड्याचा साधा पॉट तिथे लावून नॉब निसटला तर बोट थेट त्या दांड्यावर. तयार रेग्युलेटर घ्या.

---

कोरी_कथिल

५५५ चालू झालं. पाय ३ वर ०.१ ते १०.२ व्होल्ट, स्ट्रिप मऊ कमी-जास्त होते, मॉस्फेट गार. एक राहिलं: नॉब शून्याला नेला तरी स्ट्रिप पूर्ण विझत नाही, अंधारात स्पष्ट दिसते. आणि माझा नॉब उलटा आहे, डावीकडे फिरवला की उजळतो.

---

गेटपास

उलटं आहे ते पॉटच्या कडेच्या दोन तारा अदलाबदल करून सुलटं होईल. डायोडना हात लावू नका.

न विझण्याचं कारण तो १ के. पॉटचा भरण्याकडचा भाग शून्य झाला तरी १ के उरतोच, म्हणजे १०१ मधला १, एक टक्का. काढता येणार नाही. तो पाय ७ ला १२ व्होल्टपासून वाचवतो. लहानही करू नका, १०० ओहम केलात तर पाय ७ खाली जाताना त्यातून १२० मिलीअ‍ॅम्पियर ओढेल.

स्विचसह येणारा १०० के चा पॉट घ्या, जो डावीकडे शेवटी टक् करतो. त्याच्या स्विचमधून फक्त ५५५ चा पुरवठा न्या: पाय ८, पाय ४ आणि १ के चं वरचं टोक. स्ट्रिपचा पॉझिटिव्ह स्विचच्या आधीच राहू दे, म्हणजे स्विचमधून वीस-पंचवीस मिलीअ‍ॅम्पियरच जातील. ५५५ ची वीज गेली की गेटवरचा १० के मॉस्फेट बंद धरतो. तारा अदलाबदल केल्यावर मंद टोक स्विचच्याच बाजूला येतंय ना, ते सोल्डर करण्याआधी बघून घ्या.